नवगांवचें जुनें कबरस्थान

वाचण्याचे भाग : उत्पत्ति, अध्याय २३, उत्पत्ति ४९ : २९-३३, नहेम्या २ : १-५, रोमकरांस पत्र ११ : १७-१८.

अलीबागेहून किनाऱ्याच्या वाटेनें उत्तरेकडे निघालें म्हणजे प्रथम थळ लागतें, आणि त्याच्या पुढें, किहीमच्या अलीकडे, नवगांव हें खेडें आहे. नारळीपोफळींच्या वाड्या, भाताचीं खाचरें, पश्चिमेस समुद्र, आणि समुद्रांत खांदेरी व उंदेरी हीं दोन बेटें, असा हा प्रदेश आहे. ह्या गांवाजवळ यहुदी लोकांचें एक फार जुनें कबरस्थान आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस यहुदी लोक केवळ पवित्र शास्त्राच्या पानांवरच भेटले असतील. परंतु मराठी बोलणारे, आपल्यासारखेंच भातमासळी खाणारे यहुदी आपल्याच कोंकणांत शेंकडों वर्षें राहिले, आणि त्यांचे पूर्वज आपल्याच मातींत निजले आहेत. ह्या धड्यांत त्या जागेचा वृत्तांत सांगून तिचा अर्थ काय, ह्याचा आपण विचार करूं.

१. पहिलें विकत घेतलेलें शेत

कबरस्थानाविषयीं यहुदी लोकांच्या मनांत काय आहे हें समजण्यास अब्राहामापासून आरंभ केला पाहिजे. सारा मरण पावली तेव्हां अब्राहामाजवळ गुरेंढोरें, चाकरमाणसें आणि तंबू होते, पण स्वतःची एक हातभर जमीन नव्हती. देवानें सर्व देशाचें वचन दिलें होतें. तरी त्या देशांत त्याच्या मालकीची झालेली पहिली जमीन म्हणजे बायकोला पुरण्याची जागा होय. एफ्रोन हित्ती ती फुकट देऊं म्हणाला, पण अब्राहामानें ती फुकट घेतली नाहीं. गांवच्या वेशींत, सर्वांसमक्ष, त्यानें चारशें शेकेल रुपें तोलून दिलें. शेत, त्यांतील गुहा, शेतांतलीं झाडें आणि चोहोंकडची हद्द, हें सर्व शास्त्रांत लिहून ठेविलें आहे. जणूं काय तलाठ्याच्या दप्तरांतील उताराच आपण वाचीत आहों. जें मेहेरबानीनें मिळतें तें मेहेरबानी सरल्यावर परत मागितलें जातें, हें त्या परदेशी म्हाताऱ्यास चांगलें ठाऊक असावें. पुढें अब्राहाम स्वतः, इसहाक, रिबका, लेआ आणि याकोब हींहि तेथेंच पुरलीं गेलीं. याकोब तर मिसर देशांत मेला, तरी आपणांस त्याच शेतांत न्यावें अशी आज्ञा त्यानें मुलांस केली.

तेव्हांपासून यहुदी लोक जेथें जेथें गेले, तेथें तेथें कबरेची जागा मिळविणें हें त्यांच्या मंडळीचें मुख्य काम झालें. कबर ही कायमची, असा त्यांचा नियम आहे. जागा अपुरी पडली म्हणून जुनी कबर उकरून तींत दुसरें प्रेत ठेवीत नाहींत. मेलेल्यास स्नान घालून साधीं पांढरीं वस्त्रें नेसवितात. श्रीमंत व गरीब ह्यांच्या वस्त्रांत भेद करीत नाहींत. नातलग कबरेला भेट देतात तेव्हां तिजवर एक लहानसा दगड ठेवितात. फूल सुकून जातें, दगड राहतो. शोक करणारा जी कद्दीश नांवाची प्रार्थना म्हणतो तींत मरणाचा शब्ददेखील नाहीं. तींत केवळ देवाची स्तुति आहे. आणि कबरस्थानाला इब्री भाषेंत जीं नांवें आहेत, त्यांतील एकाचा अर्थ ‘जीवनाचें घर’ असा होतो.

२. फुटलेलें जहाज

आतां नवगांवाकडे वळूं. कोंकणांतील ह्या यहुदी लोकांस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें, असें म्हणतात. त्यांची परंपरा अशी आहे कीं, फार प्राचीन काळीं त्यांचे पूर्वज समुद्रमार्गानें येत असतां त्यांचें जहाज खांदेरी-उंदेरीच्या जवळ फुटलें. त्या काळीं चौल हें मोठें बंदर होतें. तिकडेच तें जात असावें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच वांचून नवगांवच्या किनाऱ्यास लागलीं. बाकीच्यांचीं प्रेतें लाटांनीं वाहून आणिलीं, तीं ह्या वांचलेल्यांनीं गांवाजवळ पुरलीं. तेथें मातीचे दोन उंचवटे आहेत. एकाखालीं पुरुष व दुसऱ्याखालीं स्त्रिया पुरल्या आहेत असें सांगतात. त्या उंचवट्यांवर कोणाचें नांव लिहिलेलें नाहीं. अलीकडच्या काळांत बेने इस्राएल लोकांनीं तेथें एक स्मारकस्तंभ उभारिला आहे.

जहाज केव्हां फुटलें ह्याविषयीं एकमत नाहीं. ह्या समाजाचे इतिहासकार हाईम सामुएल किहीमकर ह्यांनीं आपल्या ग्रंथांत असें मत मांडिलें कीं, अंतियोख एपिफानेस राजाच्या छळाच्या सुमारास, म्हणजे ख्रिस्तापूर्वीं दुसऱ्या शतकांत, हे लोक गालीलांतून निघाले. त्यांचा ग्रंथ १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झाला. दुसरे कित्येक म्हणतात कीं ते पुष्कळ शतकांनंतर येमेन किंवा इराण देशांतून आले. वंशपरीक्षेचें जें शास्त्र आतां निघालें आहे, त्याच्या आधारें केलेला एक अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून ह्या लोकांत यहुदी वंश व हिंदी वंश अशा दोहोंचाहि अंश आहे असें दिसून आलें. तेव्हां परंपरा ती परंपरा म्हणून व सिद्ध झालेली गोष्ट ती सिद्ध म्हणून सांगावी; दोहोंची भेसळ करूं नये. परंतु एवढें निश्चित कीं हे लोक दुरून आले, त्यांनीं आपल्या मेलेल्यांस येथें जागा केली, आणि ती जागा ते विसरले नाहींत.

३. ग्रंथावांचून राहिलेले लोक

परंपरा सांगते कीं जहाजाबरोबर त्यांचे ग्रंथहि बुडाले. इब्री भाषा ते विसरले. मराठी त्यांची मायबोली झाली. ते ज्या गांवीं राहिले त्या गांवाचें नांव त्यांचें आडनांव झालें. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगांवकर अशीं त्यांचीं आडनांवें आहेत. त्यांनीं तेलाचे घाणे चालविले. पण शनिवारीं घाणा जुंपीत नसत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारीं घाणा बंद ठेवणारे दुसरे तेली होते, त्यांस ‘सोमवार तेली’ म्हणत. आठव्या दिवशीं मुलाची सुंता करीत. ज्या माशाला पर व खवले नाहींत तो खात नसत. आणि लग्न असो कीं मरण असो, देव एकच आहे असें सांगणारी शेमा ही प्रार्थना इब्री शब्दांत म्हणत; तेवढेच शब्द त्यांच्याजवळ उरले होते.

पुढें दाविद रहाबी नांवाचा एक यहुदी आला. ह्या लोकांच्या बायका मासे निवडितांना त्यानें पाहिल्या, आणि त्यावरून हे आपलेच बांधव आहेत असें ओळखून त्यानें त्यांस धर्मशिक्षण दिलें, अशी कथा आहे. १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सामुएल यहेज्केल दिवेकर, ह्यांनीं मुंबईंत ह्या समाजाचें पहिलें सभास्थान बांधिलें.

येथें आमच्या मंडळ्यांशीं संबंध असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलें शिकलीं, व त्या समाजांतील कित्येक त्या शाळांत शिक्षकहि झाले. डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं इब्री भाषेचें व्याकरण मराठींत छापिलें. जुना करार मराठींत छापून येऊं लागला तेव्हां शतकानुशतकें ग्रंथावांचून राहिलेल्या ह्या लोकांस मोशे व संदेष्टे आपल्या मायबोलींत वाचावयास मिळाले. ह्याचा परिणाम काय झाला? बाप्तिस्मा घेणारे फार थोडे निघाले. बहुतेक लोक आपल्या पूर्वजांच्या धर्मांत अधिक दृढ झाले. शिकविणाऱ्यांची अपेक्षा निराळी होती, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण भुकेल्याला भाकर दिली आणि तो ती घेऊन आपल्या घरीं गेला, तर भाकर देणें व्यर्थ गेलें असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या काळापासून त्यांच्या कबरांवरहि फरक दिसूं लागला. नवगांवच्या उंचवट्यांवर एक अक्षर नाहीं. पण नंतरच्या कबरस्थानांतील दगडांवर इब्री व मराठी अशा दोन्ही लिपी शेजारीं शेजारीं कोरलेल्या आढळतात. हरवलेली भाषा परत मिळाली, पण मायबोली त्यांनीं टाकिली नाहीं.

४. शेजारी निघून गेले

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें. त्या वेळीं ह्या देशांत बेने इस्राएल लोक वीस हजार किंवा त्यांहून अधिक होते. पुढील वर्षांत त्यांतील बहुतेक तिकडे गेले. आतां येथें थोडे हजारच उरले आहेत. तिकडे गेल्यावर त्यांस एक मोठें दुःख सोसावें लागलें. तेथील कांहीं धर्मगुरूंनीं त्यांच्या यहुदीपणाविषयीं शंका काढिली, व लग्नाच्या वेळीं त्यांच्या वाडवडिलांची चौकशी मागितली. ज्यांनीं ग्रंथ नसतां, गुरु नसतां, घाण्याचा बैल शनिवारीं सोडून शब्बाथ पाळिला, त्यांस तुम्ही खरे यहुदी काय, असें विचारण्यांत आलें! त्यांनीं धरणें धरून दाद मागितली, आणि १९६४ सालीं तेथील सरकारनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असें जाहीर केलें.

ह्या लोकांची एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. पुष्कळ देशांतून यहुदी लोक पळाले ते छळामुळें. कोंकणांतून ते गेले ते स्वखुशीनें. येथें शेजाऱ्यांनीं त्यांचीं घरें जाळिलीं नाहींत, त्यांच्या कबरा फोडिल्या नाहींत. उलट युरोपांत, ज्या देशांत घरोघर ख्रिस्ताचें नांव घेतलें जात होतें, तेथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिटलरच्या राज्यानें साठ लाख यहुदी मारिले. कित्येक ठिकाणीं त्यांच्या कबरांचे दगड उपटून रस्त्यांत बसविले. कोंकणच्या तेल्याकोळ्यांनीं जें केलें नाहीं, तें तेथें बाप्तिस्मा घेतलेल्या हातांनीं केलें. हें वाचून आपण मान खालीं घातली पाहिजे.

५. आपणांस बोध

पहिला बोध असा. आपल्यांतहि कोणी कोणी उपदेश करितांना यहुदी लोक शापित आहेत, असें सहज बोलून जातात. पौल प्रेषित रोमकरांस बजावितो कीं, कलम केलेल्या फांदीनें मूळ फांद्यांपुढें फुशारकी मारूं नये. कारण फांदी मुळाला उचलून धरीत नाहीं, मूळच फांदीला उचलून धरितें. ज्या शास्त्रपाठकाच्या तोंडीं तसा शब्द येत असेल, त्यानें हा भाग पुन्हां वाचावा.

दुसरा बोध कबरस्थानाविषयीं आहे. यरुशलेमांत आपल्या वडिलांच्या कबरांचें स्थान उजाड पडलें आहे, हें नहेम्यानें परक्या राजापुढें उभें राहून सांगितलें, आणि तेथूनच कोट बांधण्याच्या कामास आरंभ झाला. आमच्याहि पुष्कळ खेड्यांत मंडळी लहान आहे, तरुण लोक पोटासाठीं मुंबई-पुण्यास गेले आहेत, आणि कबरस्थानावर बाभळी माजल्या आहेत. कोठें हद्दीचा दगड हलला आहे, कोठें जागेची नोंद कोणाच्या नांवें आहे हें पंचांसहि ठाऊक नाहीं. अब्राहामानें जें केलें तें करावें. जागेचा उतारा काढून पाहावा, हद्द मोजून घ्यावी, आणि कोण कोठें पुरलें आहे ह्याची वही, म्हातारीं माणसें जिवंत आहेत तोंच, लिहून काढावी.

तिसरा बोध शेजारधर्माचा आहे. ज्याचीं लेंकरें दूर गेलीं आहेत अशा कबरेची काळजी कोणीं घ्यावी? कोंकणांत खेडोपाडीं बेने इस्राएल लोकांचीं लहान लहान कबरस्थानें आहेत. जेथें आपली वस्ती अशा जागेजवळ आहे, तेथें तिजवर गुरें सोडूं नयेत, तिचे दगड चुलीला किंवा कुंपणाला आणूं नयेत, आणि कोणी दूरदेशाहून पणज्याची कबर शोधीत आला तर त्यास वाट दाखवावी. मात्र प्रभूनें संदेष्ट्यांच्या कबरा शृंगारणाऱ्यांस जें सुनावलें तेंहि लक्षांत असावें. मेलेल्यांचा मान राखणें हें जिवंत शेजाऱ्याशीं चांगलें वागण्याच्या बदल्यांत चालत नाहीं. दोन्ही केलीं पाहिजेत.

समुद्रांतून ओलेचिंब निघालेल्या चौदा माणसांनीं, परंपरा सांगते त्याप्रमाणें, पोटाला भाकर मिळविण्याच्या अगोदर आपल्या सोबत्यांस मूठमाती दिली. तीं नांवें कोणी लिहिलीं नाहींत. पण ती माती आज कोणाची आहे हें नवगांवांत अजून सांगतात.

विचारासाठीं प्रश्न

१. एफ्रोन जमीन फुकट देत असतां अब्राहामानें पैसे कां दिले?
२. ग्रंथ नसतां बेने इस्राएल लोकांनीं कोणत्या गोष्टी राखिल्या? आपला ग्रंथ आपणांपासून नाहींसा झाला तर आपल्या घरांत कोणत्या गोष्टी उरतील?
३. आपल्या मंडळीच्या कबरस्थानाची जागा कोणाच्या नांवें आहे? पुढील सभेच्या आधीं हें कोण पाहून येईल?