गुढियारीत मुधोळ पाळायचाय?

रायपूर स्टेशनच्या मागे, गुढियारीच्या ठोक बाजारालगत राहणाऱ्या भाच्याला मुधोळ हाउंडचं पिल्लू आणायचं आहे. मावशी जनावरांची डॉक्टर.

भाचा : मावशी, तीन खोल्या आणि गच्ची. एवढ्या चपळ कुत्र्याला पुरेल ना?

मावशी : घराची काळजी नको, घरात तो झोपूनच असतो. अडचण आहे ती पळायच्या जागेची. मुधोळ हा नजरेनं सावज हेरून पाठलाग करणारा कुत्रा. महाराष्ट्रात कारवान म्हणतात तो हाच. खोल छाती, आत गेलेलं पोट, खांद्याशी साधारण 70 सेंटिमीटर उंची. भरधाव सुटला की एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमीन सोडतात : एकदा अंग आकसलेलं असताना, एकदा पुरतं ताणलेलं असताना. पण हा जोर थोड्या वेळाचा. जीव तोडून पळाला की घरी येऊन आडवा होतो.

भाचा : तासभर साखळीला धरून फिरवलं तर भागेल?

मावशी : फिरवायचं तर आहेच, पण त्यानं पळण्याची भूक भागत नाही. मग चपला फाडतो, दार ओरबाडतो आणि लोक म्हणतात, कुत्रा वाईट निघाला. हे ऐकलं की मला फार राग येतो. त्याला पळू कोणी दिलं?

भाचा : मग पहाटे गल्लीत मोकळा सोडतो.

मावशी : अजिबात नाही! मांजर दिसलं की तुझी हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि तुमच्याकडे मालाचे ट्रक. चारही बाजूंनी उंच भिंत असलेलं आवारच हवं. पट्टाही नीट बघून घे. याचं डोकं निमुळतं, मानेहून फारसं रुंद नाही. मागे पाय रोवून मान खाली घातली की साधा पट्टा कानांवरून सुळकन निघतो. रुंद आणि ओढल्यावर थोडाच आवळणारा पट्टा घे.

भाचा : देशी जात आहे, रायपूरचा मे महिना सोसेल ना?

मावशी : हस्कीपेक्षा नक्कीच. हस्कीच्या अंगावर सैबेरियाच्या थंडीसाठीची दुहेरी लोकर असते, याचे केस आखूड. तरी कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि 44 अंशांत ते कोणालाच जमत नाही. उन्हाळ्यात पळवायचं ते सूर्य उगवायच्या आत. तळहात डांबरावर पाच सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही भाजणार. जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर सावलीत नेऊन पोटावर, जांघेत साधं पाणी ओत, पंखा लाव आणि तडक दवाखाना गाठ. थंडीत मात्र हा कुडकुडतो. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. खाली गोणपाट घाल.

भाचा : खायला काय?

मावशी : मुधोळ गावाकडे भाकरी-दूध घालतात, तू त्याला अंडी-मांसाची जोड दे. पळून आल्यावर लगेच भरपेट घालू नकोस. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो, आणि तो जिवावर बेततो. गोचीड रोज बघ, कानात आणि बोटांच्या बेचक्यात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढे दरवर्षी.

भाचा : राखण करेल? लष्करानंही घेतलेत म्हणे.

मावशी : हो, 2016 मध्ये मुधोळची पिल्लं मेरठला लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात गेली. त्याआधी, 2005 मध्ये, टपाल तिकिटावरही हा कुत्रा आला. ही जात जपली ती मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी. राखणीचं म्हणशील तर नजर तीक्ष्ण, पण अनोळखी हात अंगाला लागलेला खपत नाही. आणि त्याच्यावर कधी हात उगारू नकोस. एकदा भेदरला की पुन्हा जवळ यायला फार दिवस लावतो.

भाचा : मग सुरुवात कुठून करू?

मावशी : एखाद्या शाळेचं किंवा गोदामाचं भिंतीचं आवार पहाटे मिळतंय का विचार. मिळालं तर महिनाभर रोज साडेपाचला तू एकटा तिथे जाऊन ये. जमलं, तर पिल्लू बघायला मी येते. पिल्लाची आई दाखवायला जो तयार नसेल, त्याच्याकडून घ्यायचं नाही.