स्मृतीचा नकाशा कोणाला दाखवावा?

जयपूरजवळच्या डोंगरावरील नाहरगडावरून खाली पाहिले, की सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या नगराची आखणी एका दृष्टिक्षेपात ध्यानात येते. सरळ, रुंद रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि त्यांच्यामुळे नगराचे मोठमोठे चौकोनी भाग, म्हणजे ‘चौकड्या’, पडतात. बाजारात आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र या आखणीचे ज्ञान असावे लागत नाही. जोहरी बाजारातील अमुक दुकान, एवढा पत्ता त्याला पुरतो. जयपूरच्या राजघराण्याने हाताने काढलेले अनेक नकाशे आणि आराखडे ‘कपडद्वारा’ या आपल्या राखीव भांडारात जपून ठेवले होते. त्यांची छापील सूची १९९० साली प्रसिद्ध झाली. नकाशा जपण्याचे कारण उघड आहे. ज्याच्या हाती नकाशा, त्याला तटाची कच्ची बाजूही सापडू शकते.

संगणकाच्या अंतरंगातही असाच एक नकाशा असतो, आणि तो कोणाला किती दाखवावा हा प्रश्न तेथेही उद्भवतो. तो समजून घेण्यासाठी प्रथम या नकाशाचे स्वरूप पाहू.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या असंख्य खणांची रांग होय. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक आज्ञावलींना ही रांग वाटून देण्याचे काम परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, करतो. परंतु तो कोणत्याही आज्ञावलीला खणांचे खरे क्रमांक देत नाही. प्रत्येकीला तो एक कल्पित पत्त्यांची मालिका देतो आणि सारी स्मृती जणू आपल्या एकटीचीच आहे अशा समजुतीने ती आज्ञावली काम करते. मँचेस्टर विद्यापीठातील ‘ॲटलस’ या संगणकात १९६२ साली ही योजना प्रत्यक्षात आली. आजच्या बहुतेक संगणकांत स्मृतीचे सामान्यतः ४,०९६ बाइटांचे तुकडे पाडलेले असतात. कल्पित पत्त्यांच्या तुकड्याला ‘पृष्ठ’ आणि खऱ्या स्मृतीतील तेवढ्याच जागेला ‘चौकट’ म्हणू. कोणते पृष्ठ कोणत्या चौकटीत आहे, याची कोष्टके कर्नल स्वतःजवळ ठेवतो. हाच तो स्मृतीचा नकाशा. एका आज्ञावलीने दुसरीच्या जागेत पाऊल टाकू नये, यासाठीचा पहारा याच कोष्टकांवर अवलंबून असतो.

मग हा नकाशा पूर्णपणे गुप्तच का ठेवू नये? याचे उत्तर हिशेबात आहे. तीन भावांच्या शेतांत मिळून एक सामाईक विहीर असावी आणि प्रत्येकाने ती आपल्या नावावर पूर्ण मोजावी, म्हणजे कागदोपत्री तीन विहिरी होतात. आज्ञावलींचेही तसेच आहे. समजा, तीन आज्ञावलींना प्रत्येकी १० पृष्ठे स्वतःची आहेत आणि ३० पृष्ठे तिघींत सामाईक आहेत. प्रत्येकीचा वेगळा हिशेब केला, तर ४० प्रमाणे १२० पृष्ठे भरतात. प्रत्यक्षात खर्ची पडलेली असतात ६०. सामाईक पृष्ठे तिघींत वाटून प्रत्येकीच्या नावे २० मांडली, तरच बेरीज जुळते. स्मृती अपुरी असलेल्या यंत्रावर काम करणाऱ्याला हा हिशेब चुकवून चालत नाही.

ही गरज लक्षात घेऊन लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीच्या एप्रिल २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीत ‘पेजमॅप’ नावाची नोंदवही उघडण्यात आली. त्यापूर्वी ‘मॅप्स’ नावाची दुसरी वही होतीच; पण तीत कल्पित पत्त्यांचे पट्टे, तेथे वाचण्या-लिहिण्याचे अधिकार अशा गोष्टी नोंदलेल्या असत. पेजमॅपने पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक पृष्ठासाठी तीत ६४ बिटांची एक नोंद असते. पृष्ठ स्मृतीत हजर आहे की तबकडीवर हलविले आहे, हे वरच्या बिटांवरून कळते. आणि हजर असल्यास खालच्या ५५ बिटांत खऱ्या चौकटीचा क्रमांक मिळतो. दोन आज्ञावलींच्या नोंदींत एकच क्रमांक आढळला, की ते पृष्ठ सामाईक आहे हे सिद्ध होते. सामान्य वापरकर्त्यालाही आपल्या आज्ञावलींची ही वही वाचता येत असे. त्यात कोणाला फारसा धोका दिसला नाही.

धोका आला तो अनपेक्षित दिशेने. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल येथील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की स्मृतीच्या चकतीतील एकच ओळ अतिशय वेगाने पुनःपुन्हा वाचत राहिल्यास शेजारच्या ओळीतील बिट आपोआप पालटतात. त्यांनी तपासलेल्या १२९ स्मृतिफलकांपैकी ११० फलकांत हा दोष आढळला. मार्च २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी याच दोषाच्या आधारे कर्नलच्या कोष्टकातील बिट पालटवून साध्या आज्ञावलीला साऱ्या स्मृतीवर ताबा मिळवून दिला. भिंतीवर सतत हातोडा मारून शेजारच्या घरातील कुलूप खिळखिळे करावे, तसा हा प्रकार होता. त्यासाठी शेजारी कोण आहे हे ठाऊक असावे लागते, आणि चौकटींचे खरे क्रमांक देणारी वही त्या कामी उपयोगी पडे. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली या दोषाने गुप्तलेखनाच्या किल्लीतील बिटही पालटविता येतो, हे दाखविले.

या धोक्यावर झालेली उपाययोजना बोधप्रद आहे. एप्रिल २०१५ मधील ४.० या आवृत्तीत सामान्य वापरकर्त्यांना ही वही सर्वस्वी बंद करण्यात आली. परंतु त्यामुळे ज्यांना चौकटींच्या क्रमांकाशी काही कर्तव्य नव्हते आणि पृष्ठ हजर आहे की नाही एवढेच पाहावयाचे होते, त्यांचीही कामे अडली. म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ४.२ या आवृत्तीत वही पुन्हा उघडली गेली. मात्र विशेष अधिकार नसलेल्यास चौकटीच्या क्रमांकाच्या जागी शून्य दिसू लागले. संपूर्ण वही कुलपात ठेवण्याऐवजी तिच्यातील एक रकाना झाकला गेला.

याचा अर्थ मूळ दोष नाहीसा झाला असा नव्हे. स्मृतीच्या चकत्या होत्या तशाच राहिल्या, आणि वाचनास लागणाऱ्या वेळाच्या सूक्ष्म मोजमापावरूनही शेजाराचा अंदाज बांधता येतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘मेल्टडाउन’ या दोषाने तर आणखी एक धडा दिला. कर्नलची स्वतःची पृष्ठे प्रत्येक आज्ञावलीच्या कोष्टकात ‘प्रवेश बंद’ अशा खुणेसह मांडण्याची जुनी रीत होती. काही प्रक्रियकांत ती खूण ओलांडून आतील मजकूर वाचता येतो, असे दिसून आले. तेव्हा लिनक्समध्ये आज्ञावलीसाठी वेगळे कोष्टक करून त्यातून कर्नलची बहुतेक सारी पृष्ठे वगळण्यात आली, आणि त्यासाठी वेगात काहीशी घट सोसावी लागली.

तात्पर्य, नकाशा उघडा असावा की गुप्त, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. विहीर किती जणांत सामाईक आहे, हे शेतकऱ्याला कळलेच पाहिजे. त्यावाचून हिशेब खरा होत नाही. पण त्यासाठी प्रत्येकाच्या घराच्या भिंती कोठे लागून आहेत, हे वाटेल त्याला सांगण्याचे कारण नाही. कोणत्या कामास कोणता रकाना लागतो, हे एकेक करून तपासावे लागते. आणि आज निरुपद्रवी वाटणारा रकाना उद्या शस्त्र ठरू शकतो, हे ध्यानी ठेवून ती तपासणी वेळोवेळी पुन्हा करावी लागते.