फॉरमॅट झाल्या झाल्या इमेज घ्या

प्रश्न : धामणकर नाक्याजवळ यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहिणाऱ्या एका वाचकाचा संगणक अधूनमधून रुसतो. दरवेळी फॉरमॅट, मग प्रिंटर, टॅली, मराठी कीबोर्ड पहिल्यापासून. यातून सुटका आहे का?

उत्तर : आहे.

आधी जुना डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. डेस्कटॉपवरच्या फाइली सगळेच उचलतात; टॅलीचा डेटा-फोल्डर वेगळ्या जागी असतो आणि नेमका तोच राहून जातो. दुसऱ्या संगणकावर एखादी कंपनी उघडून खात्री करावी.

मग किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून विंडोज उतरवावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, तेव्हा जुने यंत्र आधी तपासावे. मग त्या पेनड्राइव्हवरून डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने चढवावी.

अपडेट, ड्रायव्हर, प्रिंटर, टॅली, कीबोर्ड झाले की थांबावे. हिशेबाच्या फाइली इतक्यात आणायच्या नाहीत! याच वेळी क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. क्लोनझिला फुकट आहे आणि विंडोजच्या डिस्कवरची फक्त वापरलेली जागा उचलते, त्यामुळे इमेज आटोपशीर राहते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर आधी बंद करावे. क्लोनझिला सुरू झाली की पडद्यावर साधी इंग्रजी यादी येते. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, एवढे मात्र दोनदा वाचावे.

पुढे संगणक रुसला की पहिल्यापासून सारे करण्याऐवजी हीच इमेज परत चढवावी. ती चढवताना संगणकाच्या डिस्कवरचे नंतरचे सारे पुसले जाते, म्हणून रोजचा डेटा-बॅकअप वेगळा हवाच. इमेजची डिस्क काम झाले की काढून ठेवावी. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही सोडत नाही.