लोकप्रियतेचा आलेख आणि मतदाराचा विवेक

निवडणूक जवळ आली की जळकोटच्या आठवडी बाजारापासून वाडी-तांड्यापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : हवा कोणाची? इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ही हवा कशाने निर्माण होते आणि कशाने फिरते?

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. वर्षअखेरीस बांगलादेश युद्धात विजय मिळाला आणि १९७२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे आल्या. युद्धप्रसंगी जनता नेतृत्वामागे एकवटते. परंतु हा उत्साह अल्पजीवी असतो. पुढे दुष्काळ, महागाई, आणीबाणी आणि सक्तीची नसबंदी यांचा अनुभव आला व १९७७ मध्ये तोच पक्ष १५४ जागांवर आला. जनता पक्षातील कलहाला लोक विटले, तेव्हा १९८० मध्ये त्याच इंदिराजींना ३५३ जागा मिळाल्या. तीन वर्षांत नेता बदलला नव्हता, ज्याच्याशी तुलना करायची तो पर्याय बदलला होता.

आपल्या जिल्ह्यातही हेच दिसते. बाभळगावच्या सरपंचपदापासून पुढे आलेले विलासराव देशमुख लातूरमधून १९८०, १९८५ व १९९० असे सलग तीनदा विधानसभेवर निवडून गेले. १९९५ साली ते सुमारे ३५ हजार मतांनी पराभूत झाले. १९९९ साली त्याच मतदारसंघाने त्यांना सुमारे ९१ हजारांचे मताधिक्य दिले आणि ते मुख्यमंत्री झाले. दीर्घ सत्तेत प्रत्येक निर्णयागणिक कोणीतरी दुखावतो. लाभ झालेला विसरतो, दुखावलेला लक्षात ठेवतो. अशी नाराजी थेंबाथेंबाने साचते. नेता सत्तेबाहेर गेला की तक्रारींचा रोख नव्या सत्ताधाऱ्यांकडे वळतो.

येथवर लोकप्रियतेचे गणित झाले. पण लोकप्रिय ते न्याय्य असतेच का? याचे उत्तर मराठवाड्याने रक्ताने लिहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठ नामांतराचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. जनक्षोभाच्या भीतीने अंमलबजावणी वर्षानुवर्षे लांबत राहिली. १९९३ साली नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. पुढच्याच वर्षी काँग्रेसला विधानसभेत २८८ पैकी ८० जागाच मिळाल्या. पक्षातील बंडखोरी, मुंबईच्या दंगली, भ्रष्टाचाराचे आरोप अशी त्याची अनेक कारणे होती. मराठवाड्यापुरता नामविस्ताराचा रोषही त्यांत गणला जातो. मते घटली म्हणून तो निर्णय चुकीचा ठरत नाही. उलट, मते जातील या भयाने न्याय सोळा वर्षे अडकून पडला, हाच खरा दोष होय.

खुद्द बाबासाहेब १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभूत झाले. त्या दिवशीच्या मतपेटीने त्यांचे मोल ठरवले असते, तर आज आपण कोठे असतो? याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध देशाला सावध केले होते. तो इशारा परपक्षाच्या नेत्यांपुरता नाही, निळा झेंडा घेऊन येणाऱ्या आपल्या नेत्यांनाही तो तितकाच लागू आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव गोष्ट म्हणून, परंपरा म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काहीही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. मतदानालाही हीच कसोटी लावावी. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली का, वसतिगृहांची स्थिती काय, रोजगार हमीची मजुरी हाती पडली का, अत्याचाराच्या प्रसंगी नेता कोणाच्या दारी उभा राहिला, या नोंदी पाच वर्षे वहीत लिहून ठेवाव्यात. निवडणुकीच्या शेवटच्या पंधरवड्यात हवा वाहते, तेव्हा ती वही उघडावी.

आमच्या माजी विद्यार्थ्यांकडून आमची एवढीच अपेक्षा आहे. हवेची दिशा ओळखणे हे चातुर्य असेल. परंतु हवेविरुद्ध उभ्या असलेल्या न्यायाला ओळखणे, हेच शिक्षणाचे फलित होय.