शेवाळाची रेघ

शिमगा होऊन चार दिवस झाले होते. पहाटे पुण्याहून निघालो, ताम्हिणीच्या वाटेवर मुळशीचं पाणी दिसलं तसा गाडी थांबवून चहा घेतला. पाण्यावर धुकं होतं, छान दिसत होतं. याच पाण्याशी दुपारपर्यंत आपली गाठ पडणार आहे, हे काही डोक्यात आलं नाही.

यायला हवं होतं. मुळा खरं तर पूर्वेला, भीमेकडे जाणारी नदी. पण मुळशीत अडवलेलं तिचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात उतरवतात आणि वीज झाली की ते कुंडलिकेत जातं. वीजघर १९२७ पासूनचं. म्हणून फाल्गुनात इतर नद्यांचे नुसते डोह उरतात तेव्हाही कुंडलिका वाहत असते. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. पाणी केव्हा सुटणार हे विजेच्या मागणीवर ठरतं. आदल्या दोन खेपांना सकाळी आठ-साडेआठला पाणी आलेलं मी पाहिलं होतं. त्या दिवशी दहा वाजले तरी आलं नाही. रविवार आहे, आज सुटत नाही, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला. कुणाला विचारलं नाही.

घोट्याएवढ्या पाण्यातून कुंडलिकेच्या पात्रातल्या मधल्या कातळावर जाऊन बसलो. या दिवसांत पाणी इतकं नितळ असतं की मासा आपल्याला आधी पाहतो. उभं राहून गळ टाकला की संपलं. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बारीक हवी, आपली सावली पाण्यावर पडता कामा नये, आणि ऊन चढलं की मासे सावलीतल्या खोल पाण्यात सरकतात. कणकेच्या गोळ्यांवर दोन तासांत दोन शिंगट्या मिळाल्या. (शिंगटी गळावरून काढताना कल्ल्यामागचे काटे सांभाळा. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, ठणका उतरतो. काटा आत मोडला किंवा सूज वाढली तर डॉक्टर गाठा. हळद लावून बसू नका.)

मग काठावरच्या उंबराची पडलेली फळं आठवली. एक पिकलेलं गळाला लावलं. खडस उंबरांवर येतो, हे जुने गरवणारे सांगतात. आमच्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या खडसाचं वर्णन ब्रिटिश निसर्गअभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये केलं होतं. तो मासा आज पुण्यात गळाला लागायची आशा मी कधीच सोडलीय, म्हणून तर घाट उतरून येतो.

आणि एकाएकी मासे लागू लागले. आधी ओढ, मग सलग मळे जातीचे दोन मासे, मग रीळ करकरलं. सकाळपासून मुकी असलेली नदी बोलायला लागली, असं वाटून मी खूश. पाय पाण्यात सोडले होते, ते गार पडले. उन्हाने कोमट झालेलं पाणी भर दुपारी गार का व्हावं? वाळकी पानं आणि फेसाचे पुंजके वाहत येत होते, तेही दिसले. पण दोरीच्या टोकाला किलोभराचा तरी खडस होता.

खालच्या अंगाला एक कातकरी बाई दगडांखाली चिंबोऱ्या शोधत होती. ती केव्हाच काठावर चढली होती. तिथून ओरडली, "ओ भाऊ, पानी आला! टाका ता, या भायेर!"

मी म्हटलं, एक मिनिट. त्या मिनिटात घोट्याचं पाणी मांडीला लागलं. निघालो तेव्हा काठी नव्हती, पायात रबरी चपला, खांद्यावर पिशवीचा पट्टा आडवा. चौथ्या पावलाला शेवाळावरून पाय सुटला. गुडघा दगडावर आपटला, पिशवी पाण्याने भरून मला खाली ओढू लागली. पन्नासेक फूट वाहत गेलो आणि शेरणीच्या झुडपात अडकलो. नदीच्या धारेत दगडांना धरून राहणारं हे झुडूप मी तोवर गळ अडकवणारी कटकट समजायचो. त्या बाईने काठी पुढे केली आणि ओढून घेतलं. वर घेतल्यावर तिने मला एकच विचारलं, "पोहता येतो का?" येतं म्हटलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

चूक सर्वस्वी माझी. त्यानंतर मी नदीवर गेलो की आधी दगड बघतो. ओल्या हिरव्या शेवाळाची रेघ जिथवर असते तिथवर पाणी नेहमी येतं. मी बसलो होतो तो कातळ त्या रेघेच्या वीतभर खाली होता. सगळं समोर लिहिलेलं होतं. बसायचं ते रेघेच्या वर आणि आपल्या काठाला, मध्ये प्रवाह न ठेवता. आदल्या संध्याकाळी गावात मासे कुठे लागतात हे विचारण्याआधी पाणी केव्हा येतं ते विचारतो. उत्तर कालचं असेल तर सकाळी पुन्हा विचारतो. कृष्णा-भीमेच्या काठी कालव्याचं नाहीतर नदीतलं आवर्तन कधी सुटणार ते शेतकऱ्यांना पाठ असतं, फाल्गुनापासून त्यांचं सगळं लक्ष तिकडेच. जलाशयावर मच्छीमार सोसायटीचा ठेका असेल तर त्यांनाही विचारावं. देवाचे डोह मात्र सोडून द्यायचे. महाडजवळचं वाळणकोंड, वैतरणेवरचं तिळसे इथले मासे पाहायचे, गळ गाडीतच ठेवायचा.

पिशवी आता काठावर ठेवतो. कमरेला छोटी सुरी असते, दोरी कापायला. आणि सकाळभर गप्प असलेली नदी अचानक द्यायला लागली की पहिला मासा न काढता आधी पाय पाण्यात बुडवून पाहतो. पाणी चढताना दगडांखालचे किडे सुटतात, म्हणून मासे खायला निघतात. आपल्याला तो सुगीचा काळ वाटतो. दोनदा असं झालंय की गार लागलं, दोरी कापली, काठावर आलो आणि पाणी काही चढलं नाही. दोन गळ गेले, एकदा बरोबरचा मित्र दिवसभर हसत होता.

ती बाई पुढच्या वर्षी पुन्हा भेटली. मला ओळखलं नाही, गुडघा दाखवला तेव्हा ओळखलं. त्या दिवशीचा खडस केवढा होता, असं तिने विचारलं. मी हातांनी दाखवला. थोडा वाढवूनच.