नव्या रंगाखालची ओल

अनामतीच्या ६०,००० रुपयांतून १८,००० रुपये ‘भिंतीच्या नुकसानीपोटी’ कापल्याचा हिशेब घरमालकांनी माझ्या हाती ठेवला, त्यास चार महिने लोटले. तरीही हिंजवडीहून मारुंजीकडे जाताना त्या इमारतीवर दृष्टी पडली की मन पुन्हा पेटते. पैसा गेलाच, परंतु ‘तुम्ही कपडे घरात वाळवता, खिडक्या उघडत नाही, म्हणून बुरशी आली,’ असा जो ठपका त्यांनी माझ्या पत्नीच्या देखत ठेवला, तो मी आजही मान्य करीत नाही.

एप्रिलमध्ये कब्जा घेतला तेव्हा पश्चिमेकडील भिंत तेवढी नुकतीच रंगवलेली होती. जुलैत त्याच रंगाला फोड आले, खाली लोणा सुटला, आणि लाकडी कपाट पुढे ओढले तेव्हा मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत काळपट-हिरवी बुरशी, तर आतल्या कोटाच्या बाह्यांवर पांढरी लव दिसली. फोन केला, ‘पाहतो’ म्हणाले. पुन्हा केला, ‘पावसाळ्यात असे होतेच’ म्हणाले.

जागा सोडताना रंगारी आला. भिंतीवरून हात फिरवून तो सहज बोलून गेला, ‘तीन वर्षं झाली साहेब, दर उन्हाळ्यात हीच भिंत रंगवतोय. बाहेरची भेग बुजवल्याशिवाय आतला रंग टिकायचा नाही.’ मालक खिडकीबाहेर पाहू लागले. ज्या दोषाची भरपाई माझ्याकडून वसूल होत होती, तो त्यांना माझ्या येण्यापूर्वीच ठाऊक होता!

आता इतरांसाठी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम १४ मालकास जागा राहण्याजोगी राखण्यास बांधते, आणि १५ दिवसांच्या नोटिशीनंतरही दुरुस्ती न झाल्यास ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करण्याची मुभा देते. मात्र ही मुभा भाडेकरूची आहे, आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हे. त्याचा आधार भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधील कलम ५७: परवाना घेणाऱ्याच्या जिवास वा मालमत्तेस अपाय करील असा, मालकास ठाऊक पण त्यास अज्ञात असलेला दोष मालकाने उघड केलाच पाहिजे. हे कलम मला तेव्हा कुणी दाखविले असते, तर मी त्या हिशेबावर निमूटपणे सही केली नसती.

एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली, तर कारण विचारा आणि इमारत बाहेरून पाहा. पहिल्याच दिवशी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर धाडा. ‘जागा सुस्थितीत मिळाली’ या वाक्याखाली दोषांची यादी जोडल्याविना अंगठा देऊ नका. तक्रार तोंडी नको, लेखी हवी. बाहेरील भिंत व गच्ची यांतून येणारी गळती गृहनिर्माण संस्थेने, न्हाणीघराची सदनिकाधारकाने निवारावी, असे संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. म्हणून संस्थेकडे अर्ज करण्यास मालकांना लेखी कळवा. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, हवा खेळती राखावी, हे आपले कर्तव्य; ते आम्ही पाळले होते.

आता पुन्हा पाऊस लागला आहे. त्या घरात नवे कुटुंब आले आहे, आणि ती भिंत पुन्हा रंगवून दिली आहे.