विषाद आणि प्रसाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ म्हणतात, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. विषाद म्हणजे दुःख, एवढे मनाशी धरून आपण पुढे वळतो. कित्येकांची तर अशी समजूत असते की या शब्दात ‘विष’ आहे. तसे मुळीच नाही.

‘सद्’ हा संस्कृत धातू. त्याचा अर्थ बसणे, तसाच खाली जाणे, खचणे. सदन, संसद, परिषद, फार काय उपनिषद, ही सारी त्याचीच संतती. त्यास ‘वि’ हा उपसर्ग लागला म्हणजे विषाद होतो. उपसर्गातील इकारामुळे ‘स’चा ‘ष’ होतो आणि मूळ धातू सहसा ओळखू येत नाही. विषण्ण हा शब्दही तेथलाच. आपण ‘विहीर खचली’ म्हणतो, तसेच ‘मन खचले’ही म्हणतो, विषादात नेमके हेच चित्र आहे. अर्जुनाची गात्रे गळतात तेथे गीतेतील क्रियापद ‘सीदन्ति’ आहे, म्हणजे हाच धातू. मनाचे खचणे देहात उतरले.

आता याच धातूस ‘प्र’ लावून पाहा: प्रसाद, प्रसन्न! देवळात आपण ओंजळ पुढे करतो तो प्रसाद विषादाचा सख्खा भाऊ निघावा, हे प्रथम पटत नाही. पण संस्कृतात निवळलेल्या पाण्यासही प्रसन्न म्हणतात. निवळीचे बी उगाळून गढूळ पाण्यात घातले की गाळ तळाशी बसतो. खाली बसणे येथेही आहेच. मात्र विषादात माणूस खाली बसतो, प्रसादात गाळ. मनाच्या या निर्मळपणावरून कृपेस, आणि कृपेची खूण म्हणून देवापुढील नैवेद्यासही, प्रसाद हे नाव मिळाले.

घरातील कोणी विषण्ण होऊन बसले की आपण त्यास चटकन दुबळे ठरवितो, आणि वर गीतेचा दाखला देतो. अठराव्या अध्यायात विषाद न सोडणाऱ्या धृतीस तामस म्हटले आहे, हे खरे. श्रीकृष्णानेही आरंभी अर्जुनास कठोर शब्दच ऐकविले. परंतु त्या शब्दांनी अर्जुन उठला नाही, हे आपण विसरतो. ‘मी लढणार नाही’ असे सांगून तो गप्प बसला. तेव्हा भगवंतांनी त्यास टाकून न देता बोलणे चालू ठेवले, त्याच्या शंका ऐकल्या, पुन्हा पुन्हा समजाविले. शेवटी मोह गेल्याचे अर्जुन स्वतः सांगतो, आणि ते कोणामुळे घडले हे सांगताना त्याच्या तोंडी जो शब्द येतो, तो ‘प्रसाद’ हाच आहे.